कबर एक, वाटा अनेक: गालिसियातला कामिनो समजून घेताना

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा प्रांत आहे. तिथे सारिया आणि पोर्तोमारीन या दोन गावांच्या मध्ये, फेरेइरोस नावाच्या छोट्या वस्तीजवळ पायवाटेच्या कडेला ग्रॅनाइटचा एक दगड उभा आहे. निळ्या पाटीवर पिवळा शिंपला, एक पिवळा बाण आणि आकडा: १००,०००. हे एक लाख नव्हेत. तिकडे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. म्हणजे शंभर किलोमीटर आणि वर शून्य मीटर. दगडावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावं लिहून ठेवलेली असतात, माथ्यावर खडे रचलेले असतात. जवळजवळ प्रत्येक जण इथे थांबून फोटो काढतो.

हा दगड सांतियागोच्या वाटेवरचा. सांतियागो दे कोम्पोस्तेला या शहरातल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक, संत याकोब, याची कबर आहे अशी श्रद्धा आहे. ‘सांतियागो’ हे नावच मुळी ‘संत याकोब’चं स्पॅनिश रूप. त्या कबरीपर्यंत पायी जाण्याच्या वाटेला ‘कामिनो’ म्हणतात, आणि कामिनो या शब्दाचा अर्थही साधा ‘वाट’ इतकाच आहे.

आपल्याकडे कामिनोबद्दल हल्ली बरंच बोललं जातं, पण बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: फ्रान्सच्या सीमेवरून निघून आठशे किलोमीटर चालत जाणारा एक लांबलचक रस्ता. तो रस्ता आहेच. पण कामिनो म्हणजे तो एकच रस्ता, हा समज चुकीचा आहे. मध्ययुगात कामिनोला ठरलेली सुरुवात नव्हती. माणूस आपल्या घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडला की त्याची वाट सुरू व्हायची. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या माणसांच्या वाटा हळूहळू एकमेकींत मिसळत गेल्या, आणि गालिसियात शिरेपर्यंत त्यांचे मोजके प्रवाह उरले. म्हणूनच मला वाटतं, कामिनो समजून घ्यायचा असेल तर गालिसियाचा नकाशा समोर ठेवावा. कोण कुठून आलं आणि का आलं, ते त्यावरच्या रेषांमध्ये उमटलेलं आहे.

मराठी माणसाला वारी माहीत असल्यामुळे या गोष्टीची गोडी पटकन लागते. पण एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा. वारीला तिथी आहे, पालखी आहे, दिंडी आहे. कामिनोला यातलं काहीच नाही. २५ जुलै हा संत याकोबाचा सण, पण लोक वर्षभर चालतात. कुणी एकटं चालतं, कुणी जोडीने. पुढे कुणी नसतं, मागून कुणी नसतं. वाट दाखवायला फक्त तो पिवळा बाण.

कबर इथे कशी आली?

याकोब हा जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. हेरोद राजाने त्याला तलवारीने मारलं, एवढं बायबलमध्ये आहे. हा काळ साधारण इ.स. ४४ चा आणि ठिकाण जेरुसलेम. मग भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या काठावर त्याची कबर कशी? परंपरा सांगते की त्याने पूर्वी स्पेनमध्ये धर्मप्रसार केला होता, म्हणून शिष्यांनी त्याचा देह नावेत घातला. ती नाव समुद्र ओलांडून गालिसियाच्या खाडीत, इरिया फ्लाविया नावाच्या रोमन गावाशी लागली. आज त्या भागात पाद्रोन हे गाव आहे. नाव ज्या दगडाला बांधली असं मानतात तो दगड, म्हणजे ‘पेद्रोन’, गावातल्या चर्चमध्ये वेदीखाली जपून ठेवलेला आहे.

यानंतर आठशे वर्षं शांतता. मग नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण ८२० ते ८३० च्या दरम्यान, पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधूला रानात अद्भुत उजेड दिसला. त्याने इरिया फ्लावियाचा बिशप तेओदोमिरो याला कळवलं. झाडोरा साफ केल्यावर एक जुनी कबर सापडली आणि बिशपने ती याकोबाची असल्याचं जाहीर केलं.

ही नुसती दंतकथा म्हणून सोडून देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तेओदोमिरो हे पात्रसुद्धा काल्पनिक असावं, असं बरेच अभ्यासक मानत होते. १९५५ मध्ये कॅथेड्रलच्या जमिनीखाली उत्खनन करताना त्याचीच कबरशिळा सापडली, मृत्यूचं वर्ष ८४७ कोरलेली. म्हणजे बिशप खरा होता, आणि आपल्या गावाऐवजी त्याने या नव्या जागेजवळ पुरून घेतलं होतं. याकोबाच्या मानल्या गेलेल्या कबरीत हाडं कुणाची, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. ती चौथ्या शतकात देहदंड झालेल्या प्रिस्किलियन या पाखंडी ठरवलेल्या धर्मगुरूची असावीत, असाही एक तर्क आहे.

त्या काळचं राजकारण पाहिलं की या शोधाचं वजन कळतं. स्पेनचा बहुतेक भाग कोर्दोबाच्या मुस्लीम अमीरांच्या ताब्यात होता. उत्तरेच्या डोंगरात आस्तुरियास हे छोटं ख्रिस्ती राज्य कसंबसं टिकून होतं. त्या राज्याला अचानक एका प्रेषिताची कबर लाभली! रोमला पेत्र या प्रेषिताची कबर आहे, तसा आपल्याकडे याकोब. राजा दुसरा अल्फोन्सो राजधानी ओव्हिएदोहून स्वतः दर्शनाला आला. पुढच्या शतकांत याच याकोबाला पांढऱ्या घोड्यावर बसवून, हाती तलवार देऊन, मुसलमानांशी लढणारा योद्धा बनवलं गेलं. त्या मूर्ती आजही चर्चमध्ये दिसतात. शांत पायवाटेच्या इतिहासात ही बाजूही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

९९७ मध्ये कोर्दोबाचा सेनापती अल्मन्सूर सांतियागोवर चालून आला आणि त्याने शहर जाळलं. कबरीला मात्र हात लावला नाही. चर्चच्या घंटा त्याने कोर्दोबाला नेल्या. १२३६ मध्ये ते शहर ख्रिस्ती राजा तिसरा फेर्नांदो याने जिंकल्यावर त्या परत आणल्या. सध्याच्या कॅथेड्रलचं काम १०७५ मध्ये सुरू झालं आणि १२११ मध्ये त्याचा अभिषेक झाला.

वाटांचे प्रवाह

अल्फोन्सो राजा ज्या दिशेने आला ती पहिली वाट. तिला ‘कामिनो प्रिमितिवो’ म्हणतात, म्हणजे मूळ वाट. ओव्हिएदो ते सांतियागो साधारण ३२० किलोमीटर, आणि चढ-उतारांमुळे दमवणारी. गालिसियात ती आसेबोच्या खिंडीतून उतरते आणि फोन्साग्रादावरून लुगो शहरात येते. लुगोला तिसऱ्या शतकातली रोमन तटबंदी आहे, दोन किलोमीटरहून थोडी अधिक, आणि सगळीच्या सगळी शाबूत. सकाळी माणसं तिच्यावर फिरायला जातात. यात्रेकरू एका वेशीतून आत येतो, दुसऱ्या वेशीतून बाहेर पडतो.

पुढे ख्रिस्ती राज्यं दक्षिणेकडे सरकली, मैदानी मुलूख निर्धोक झाला आणि फ्रान्सकडून येणाऱ्यांची रीघ लागली. राजांनी पूल बांधले, मठांनी धर्मशाळा काढल्या, वाटेवर गावं वसली. ही ‘फ्रेंच वाट’. बाराव्या शतकातल्या ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे या वाटेची मार्गदर्शिकाच आहे. कुठल्या नदीचं पाणी प्यावं, कुठलं पिऊ नये, इथपर्यंत सगळं त्यात आहे. (हेच हस्तलिखित २०११ मध्ये कॅथेड्रलमधून चोरीला गेलं आणि वर्षभराने सापडलं.)

फ्रेंच वाट गालिसियात शिरते ती ओ सेब्रेइरोच्या माथ्यावरून, सुमारे १३०० मीटर उंचीवर. तिथे दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली लंबगोल घरं आहेत. एका छताखाली माणसंही राहत आणि गुरंही. त्यापुढच्या त्रियाकास्तेलाचा उल्लेख त्या जुन्या मार्गदर्शिकेत आहे: यात्रेकरू इथून चुनखडीचा एकेक दगड उचलायचे आणि कास्तान्येदाच्या भट्टीपर्यंत वाहून न्यायचे. तिथे त्याचा चुना व्हायचा, कॅथेड्रलच्या बांधकामासाठी. या दोन गावांत तीन-चार दिवसांची चाल आहे. पाठीवर आधीच ओझं असताना चार दिवस एक दगड वाहणारी ती माणसं डोळ्यांपुढे आणली की कॅथेड्रलच्या भिंतींकडे बघण्याची नजर बदलते.

पोर्तोमारीनला तर थांबावंच. जुनं गाव मिन्यो नदीच्या काठी होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेलेसार धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गाव वरच्या टेकडीवर नव्याने वसवलं. पण किल्ल्यासारखं दणकट, मध्ययुगीन चर्च कसं सोडायचं? म्हणून ते एकेक दगड सुटा करून, त्यावर क्रमांक टाकून वर नेलं आणि पुन्हा रचलं. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं तर काही दगडांवर ते क्रमांक अजून दिसतात, पुसट झालेले. धरणाची पातळी खाली गेली की जुन्या गावाच्या भिंती पाण्यातून वर येतात.

बाकीच्या वाटा थोडक्यात. इंग्लंड आणि आयर्लंडची माणसं जहाजाने यायची, फेरोल किंवा आ कोरुन्या बंदरात उतरायची आणि तिथून चालायची. ती ‘इंग्लिश वाट’. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री रोमपासून फुटला आणि ही वाट जवळपास ओस पडली. दक्षिणेकडून ‘पोर्तुगीज वाट’ येते, मिन्यो नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून तुई गावात. तिच्यावर पोन्तेवेद्रा लागतं, पाद्रोन लागतं. म्हणजे दंतकथेत याकोबाची नाव जिथे लागली, तिथूनच ही वाट जाते. समुद्राला समांतर येणारी ‘उत्तरेची वाट’ रिबादेओपाशी गालिसियात शिरते. दक्षिण स्पेनमधून आलेली एक वाट ओउरेन्से या गरम झऱ्यांच्या शहरातून वर येते.

आता नकाशा पाहा. मूळ वाट मेलिदे गावात फ्रेंच वाटेला मिळते. उत्तरेची वाट पुढच्या आर्सुआत. उपनद्या मिळाव्यात तशी गर्दी वाढत जाते. दहा-बारा दिवस डोंगरातून एकट्याने चालत आलेला माणूस मेलिदेच्या चौकात पोचतो आणि त्याला समोर शेकडो माणसं दिसतात. काहींना ते फार जड जातं.

पिवळा बाण आणि शंभर किलोमीटर

हा सगळा थाट मधल्या काळात मोडला होता. धर्मसुधारणेची चळवळ, साथी, लढाया यांनी यात्रा ओसरली. १५८९ मध्ये इंग्रजांचं आरमार आ कोरुन्यावर चालून आलं, तेव्हा भीतीने आर्चबिशपने याकोबाच्या अस्थी लपवल्या. पुढे लपवलेली जागाच विस्मरणात गेली. जवळपास तीनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, उत्खननात अस्थी सापडल्या आणि १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना मान्यता दिली.

आजचा कामिनो उभा राहण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. एलियास बालिन्या हे ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू. त्यांनी कामिनोवर प्रबंध लिहिला, पण नुसतं लिहून ते थांबले नाहीत. १९८४ मध्ये पिवळ्या रंगाचे डबे घेऊन ते निघाले आणि झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण रंगवत गेले. हा रंग रस्त्याच्या कामातून उरलेला होता असं सांगतात. १९८९ मध्ये ते वारले. १९८७ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने कामिनोला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग ठरवलं आणि १९९३ मध्ये फ्रेंच वाट युनेस्कोच्या यादीत आली. त्याच वर्षी ९९ हजारांवर लोकांनी पायी यात्रेचं प्रमाणपत्र घेतलं. २०२४ मध्ये ही संख्या जवळपास ५ लाख होती. आजही कुणी वाट चुकलं की एका धर्मगुरूने सुरू केलेला तो बाणच शोधतं.

हे प्रमाणपत्र म्हणजे ‘कोम्पोस्तेला’. लॅटिनमध्ये छापलेलं, आपलं नावही लॅटिन रूपात लिहिलेलं. ते मिळायला अट अशी की मान्य वाटेने किमान १०० किलोमीटर पायी यायला हवं, सायकलने आल्यास २००. पुरावा म्हणून ‘क्रेदेन्सियाल’ नावाची घडीची पुस्तिका बाळगायची आणि मुक्कामाच्या जागी, चर्चमध्ये, चहा-कॉफीच्या टपरीवर शिक्के घ्यायचे. रोजचे दोन शिक्के लागतात. यात्रा धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने केली का, हेही विचारतात. इतरांसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे.

या एका अटीने वाटेचा नकाशा बदलून टाकला आहे. सारिया गाव सांतियागोपासून सुमारे ११५ किलोमीटर, अटीत जेमतेम बसणारं आणि रेल्वेने जोडलेलं. त्यामुळे सगळ्यांत जास्त लोक सारियाहूनच निघतात. पोर्तुगीज वाटेवर तुईचं तेच, इंग्लिश वाटेवर फेरोलचं तेच. आ कोरुन्या मात्र फक्त ७५ किलोमीटरवर असल्याने तिथून निघणाऱ्याला उरलेले २५ किलोमीटर आपल्या देशात चालून, शिक्के घेऊन यावं लागतं. सारियापासून पाच-सहा दिवस चालणाऱ्यांना दुरून आलेली काही मंडळी कमी लेखतात, ते मला अजिबात पटत नाही. नोकरीतून आठवड्याची रजा काढून, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या साठीच्या बाईची यात्रा कशाने कमी? तरी माझं मत विचाराल तर गर्दी नको असणाऱ्याने लुगोहून मूळ वाट धरावी. तीही साधारण शंभर किलोमीटरच भरते, आणि पहिले दोन दिवस माणसं मोजकी भेटतात.

राहायला ‘आल्बेर्गे’ म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. प्रांतिक सरकारच्या आल्बेर्गेत दहा युरोंच्या आसपास खाट मिळते. आगाऊ नोंदणी नाही, जो आधी येईल त्याला जागा, आणि सहसा एकच रात्र. दुमजली खाटा, एका खोलीत वीस-तीस माणसं. पहाटे कुणीतरी अंधारात प्लास्टिकची पिशवी चुरचुरवत सामान भरायला लागतं आणि सगळी खोली जागी होते.

वाट कशी असते? गालिसिया म्हणजे पाऊस. उन्हाळ्यातसुद्धा रेनकोट पिशवीत तळाशी नको, वरच ठेवावा. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधून शतकानुशतकं पायांनी, बैलगाड्यांनी खोल झालेली वाट, वर ओक आणि चेस्टनटची कमान. घरांच्या बाजूला दगडी खांबांवर उभी केलेली लांबट, अरुंद कोठारं दिसतात, ‘ओर्रिओ’. मका वाळवायची सोय. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक सपाट आडवा दगड बाहेर आलेला असतो. खांबावरून चढणारा उंदीर तिथे येऊन अडतो. सांतियागो जवळ आलं की निलगिरीची राठ जंगलं लागतात. लाकडाच्या लगद्यासाठी लावलेली ही ऑस्ट्रेलियाची झाडं. वास छान येतो, पण खाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि जुनी ओकची रानं पाहून आलेल्याला ते डाचतं.

शाकाहारी माणसाने पोटाची तयारी ठेवावी. मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध, आणि ‘काल्दो’ या पालेभाजी-बटाट्याच्या सूपमध्येही बहुधा डुकराची चरबी असते. पण पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या आहेत, आर्सुआचं मऊ चीज आहे, पाव तर फारच उत्तम. जेवणाच्या वेळा मात्र पाळाव्या लागतात. दुपारी चारनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं ते थेट रात्री उघडतं. भारतातून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. आणि नवे बूट घालून निघू नये, निदान महिनाभर तरी वापरलेले असावेत. पायाच्या फोडांनी जितक्यांची यात्रा अडते तितकी चढांनी अडत नाही.

शेवटच्या दिवशी लावाकोया लागतं. इथल्या ओढ्यात जुने यात्रेकरू अंग धुऊन स्वच्छ होत. मग मोंते दो गोसो, आनंदाची टेकडी, जिथून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. शहरात शिरल्यावर ओब्रादोइरो चौक. लोक फरशीवर पाठीवरच्या पिशव्या टाकून तिथेच आडवे होतात. आत गेल्यावर वेदीमागचा जिना चढून याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची रीत आहे, आणि खाली तळघरात चांदीच्या पेटीत त्या अस्थी. ठरावीक दिवशी ‘बोताफुमेइरो’ हा पन्नास किलोंहून जड धूपदान आठ जण दोरखंडाने ओढून छतापर्यंत झोके देतात. २५ जुलै रविवारी आला की ते वर्ष पवित्र वर्ष मानतात आणि एरवी बंद असलेला एक दरवाजा उघडतात. पुढचं पवित्र वर्ष २०२७.

पूर्वीच्या यात्रेकरूची निम्मी वाट इथे संपायची. परतीला आगगाडी नव्हती, विमान नव्हतं. आला तसाच चालत परत जायचं. जाताना तो एक शिंपला घ्यायचा. कॅथेड्रलच्या उत्तर दरवाजाबाहेर हे शिंपले विकायला असत, ही नोंदही बाराव्या शतकातल्या त्या हस्तलिखितात आहे. महिनोन् महिने चालून घरी पोचल्यावर तो शिंपला हाच जाऊन आल्याचा पुरावा.

काही जण मात्र माघारी न वळता आणखी पश्चिमेला निघतात. गालिसियातल्या सगळ्या वाटा सांतियागोकडे येतात, ही एकच तिथून दूर जाते. साधारण नव्वद किलोमीटर, तीन-चार दिवस, फिस्तेराच्या भूशिरापर्यंत. रोमन लोक याला पृथ्वीचा शेवट म्हणत. तिथे दीपगृहाजवळ तसाच ग्रॅनाइटचा दगड आहे, तसाच शिंपला. त्यावरचा आकडा ०,०००. त्याच्या पुढे खडक, आणि मग नुसता अटलांटिक.